मुलांचं फुटबॉल मैदान लोकांच्या आधारावर चालवायचं तर: आधी काय, मग काय

कोल्हापुरात पेठेच्या संघांचा सामना असला की शाहू स्टेडियम भरून जातं. फुटबॉलवर माणसं जीव टाकतात. पण आठ-दहा वर्षांची पोरं जिथे सराव करतात, त्या मैदानांची गत तिथेही आणि राज्यात इतरत्रही बहुधा सारखीच असते. चार-पाच हौशी माणसं पदरमोड करून सराव सुरू करतात. पहिल्या वर्षी पोरांची झुंबड उडते, दुसऱ्या वर्षी जाळं फाटतं आणि टँकर बंद होतो, तिसऱ्या वर्षी गोलपोस्टच्या आसपास दुचाक्या लागायला लागतात.

मग आपण म्हणतो, लोक मदत करत नाहीत. माझं मत वेगळं आहे. लोक मदत करतात, पण आपण त्यांच्याकडे उलट्या क्रमानं जातो. पहिलं काम पावती पुस्तक छापण्याचं होतं आणि जागेचा कागद, शेजाऱ्यांशी बोलणं, कोणी कोणत्या दिवशी यायचं, हे सगळं मागे राहतं. पैसे जमले तरी ते कुठे आणि कशावर खर्च करायचे याचं उत्तर कोणाकडे नसतं. खाली दिलेला क्रम वीस-पंचवीस ते शंभर मुलांच्या, पगारी नोकर नसलेल्या मैदानासाठी आहे. एकही टप्पा गाळून पुढे जाऊ नका.

टप्पा १: जागेचा कागद

गावात असाल तर सातबारा काढा, शहरात असाल तर मिळकत पत्रिका. शहराच्या विकास आराखड्यात त्या जागेवर खेळाच्या मैदानाचं आरक्षण आहे का, तेही बघा. जागा कोणाची आहे यावर पुढची सगळी कागदपत्रं ठरतात.

शाळेचं मैदान असेल तर मुख्याध्यापकांच्या तोंडी होकारावर थांबू नका. मुख्याध्यापक बदलून जातात. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घ्या. ग्रामपंचायतीची जागा असेल तर ग्रामसभेत विषय मांडा आणि इतिवृत्तात नोंद झालेली नक्कल मागून घ्या. महापालिकेची असेल तर अर्ज, आवक क्रमांक आणि लेखी परवानगी. गायरान असेल तर पक्कं बांधकाम, शेड, कंपाउंड यांचा विचारही करू नका. तिथे खेळता येईल, पण उभारलेली भिंत उद्या अतिक्रमण ठरू शकते.

परवानगीच्या कागदात एवढ्या गोष्टी स्पष्ट असाव्यात: कोणते दिवस आणि कोणत्या वेळा, किती वर्षांसाठी, पाणी आणि वीज कोणाच्या मीटरवर, गोलपोस्ट तिथेच ठेवता येतील का, आणि लग्नसमारंभ किंवा उत्सवाचा मांडव पडला तर मैदान पूर्ववत करायची जबाबदारी कोणाची. शेवटचा मुद्दा हमखास राहून जातो आणि सर्वांत जास्त भांडणं त्याच्यावरून होतात.

तपासणी: कागदावर सही करणाऱ्या व्यक्तीला सही करायचा अधिकार आहे का? नगरसेवक, सरपंच किंवा माजी अध्यक्ष यांचं शिफारसपत्र म्हणजे परवानगी नाही.

टप्पा २: आधी शेजारी, मग देणगीदार

मैदान रिकामं दिसलं तरी रिकामं नसतं. पहाटे चालायला येणारी मंडळी असतात, दुपारी कोणाच्या म्हशी असतात, संध्याकाळी टेनिस बॉल क्रिकेटची टीम असते. एक आठवडा वेगवेगळ्या वेळी जाऊन वहीत लिहा: कोण, कधी, किती वेळ. मग प्रत्येक गटातल्या एका माणसाशी समोरासमोर बसून वेळा वाटून घ्या. क्रिकेटवाल्यांना हुसकावून उभं केलेलं फुटबॉल मैदान फार काळ टिकत नाही, आणि ती पोरंही आपल्याच गल्लीतली असतात.

मैदानाला लागून असलेल्या घरांत सराव सुरू होण्याआधी जा. काच फुटली तर भरपाई कोण देणार, चेंडू अंगणात गेला तर पोरांनी काय करायचं (भिंतीवरून उडी नाही, दारावर जाऊन विचारायचं), पालकांच्या गाड्या कुठे लागणार, हे आधीच सांगा. भरपाईची रक्कम मंडळ देणार असेल तर तसं स्पष्ट बोला.

मुलींच्या वेळेचा विचार याच टप्प्यावर करा. नंतर ‘जागा राहिली तर’ म्हणून दिलेली वेळ अंधार पडतानाची असते आणि मग आया मुलींना पाठवत नाहीत. मुलींना उजेडातली वेळ, जवळपास वापरता येईल असं स्वच्छतागृह आणि मैदानावर एक तरी ओळखीची बाई, या तीन गोष्टी असतील तर मुली येतात. स्वच्छतागृहासाठी शेजारच्या शाळेला, मंदिराला किंवा एखाद्या घराला विचारावं लागेल. तीही लोकांचीच मदत आहे, पैशांपेक्षा मोलाची.

टप्पा ३: संस्था आणि बँक खातं

तालमीची किंवा मंडळाची नोंदणी आधीपासून असेल तर नवी संस्था काढू नका. जुन्या संस्थेच्या उद्देशांत खेळाचा उल्लेख आहे का ते बघा आणि त्याच नावाखाली मैदान समिती नेमा. नवी काढायचीच असेल तर संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली किमान सात सदस्य लागतात, आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली धर्मादाय कार्यालयात नोंदणी करावी लागते. नोंदणी नसताना जाहीर वर्गणी गोळा करायची तर कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. गणेशोत्सव मंडळांना हा कागद चांगला ठाऊक असतो, त्यांच्यापैकी कोणाला तरी सोबत घ्या.

जुन्या संस्थांत एक अडचण वारंवार येते. पदाधिकारी कधीच बदललेले असतात, पण बदल अर्ज दाखल केलेला नसतो. धर्मादाय कार्यालयाच्या परिशिष्टावर जुनीच नावं असतात, त्यातले काही जण हयातही नसतात. बँक खात्याचे सही करणारे बदलायला नकार देते आणि सगळं अडतं. हे आधी सोडवा. बदल झाल्यापासून ९० दिवसांत अर्ज द्यायचा असतो. उशीर झाला असेल तर वकिलाकडून विलंबमाफीचा अर्ज जोडून घ्या.

खातं संस्थेच्या नावानं, दोघांच्या सहीनं. क्यूआर कोडही त्याच खात्याचा.

सावधान: खजिनदाराच्या स्वतःच्या मोबाइल नंबरवर देणग्या घेऊ नका. माणूस कितीही सज्जन असो, त्याच्या घरखर्चात आणि मैदानाच्या पैशांत फरक दाखवता येत नाही. संशय सुरू झाला की चांगला कार्यकर्ता कायमचा जातो.

टप्पा ४: वेळेची वर्गणी

आता लोकांकडे जा, पण पैसे मागू नका. वेळ मागा, आणि नेमका मागा. ‘सहकार्य करा’ म्हटलं तर सगळे मान डोलावतात आणि कोणीच येत नाही. ‘मंगळवारी साडेपाच ते सात गेटजवळ हजेरीची वही घेऊन बसाल का?’ म्हटलं तर माणूस हो किंवा नाही म्हणतो.

कामं छोटी करा: कुलूप उघडणं आणि बंद करणं, हजेरी, पिण्याचं पाणी, प्रथमोपचाराची पेटी, चेंडू मोजून घेणं, पालकांचे फोन, आठवड्याचा हिशेब लिहिणं. प्रत्येक कामाला दोन नावं लावा. एकटा माणूस आजारी पडतो, गावाला जातो, रुसतो. ही यादी मोठ्या अक्षरात लिहून मैदानाच्या फलकावर लावा. व्हॉट्सॲपवर टाकलेली यादी संध्याकाळपर्यंत वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडली जाते.

प्रशिक्षकानं फक्त शिकवावं. त्याच्याकडे चाव्या, फी आणि पालकांच्या तक्रारी देऊ नका. जुना खेळाडू शिकवत असेल तर त्याला अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा प्राथमिक पातळीचा प्रशिक्षण अभ्यासक्रम करायला लावा आणि त्याची फी मंडळानं भरावी. उत्तम खेळणारा माणूस सात वर्षांच्या पोराला शिकवू शकेलच असं नाही. लहान पोरांना मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावणारे ‘सर’ अजून भरपूर आहेत.

मुलांच्या सुरक्षिततेचे नियम याच टप्प्यावर लेखी करा. मैदानावर नेहमी किमान दोन मोठी माणसं. कोणीही एकट्या मुलाला स्वतःच्या गाडीवरून नेणार नाही. कपडे बदलायच्या जागेत मोबाइल नाही. प्रत्येक मुलाला न्यायला कोण येणार, त्याचं नाव वहीत. लैंगिक गैरप्रकाराची शंका जरी आली तरी पोक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ‘आपसात मिटवू’ हा पर्याय कायद्यात नाही. चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबर फलकावर मुलांना वाचता येईल एवढा मोठा लिहा.

तपासणी: सलग चार आठवडे यादीप्रमाणे माणसं आली का? आली नसतील तर पुढच्या टप्प्याला हात लावू नका. माणसं टिकत नाहीत तिथे आणलेलं सामानही टिकत नाही.

टप्पा ५: श्रमदान आणि मैदानाची तयारी

इथे लोकांचा खरा आधार दिसतो, आणि चुकाही इथेच सर्वांत जास्त होतात.

बारा वर्षांखालच्या मुलांना मोठ्या माणसांच्या मापाचं मैदान लागत नाही. ६० बाय ४० मीटर पुष्कळ झालं. गोलही ७.३२ बाय २.४४ मीटरचा नको, ५ बाय २ मीटरचा पुरे. चेंडू आठ ते बारा वयाला ४ नंबरचा, तेरापासून ५ नंबरचा.

*पहिला रविवार: वेचणी.* पोरं आणि मोठे यांनी खांद्याला खांदा लावून एका रांगेत उभं राहायचं, प्रत्येक चौथ्या माणसाकडे घमेलं, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर खाली ठेवून चालायचं. मग वळून आडवं. मांडव पडून गेलेल्या मैदानात खिळे, तारेचे तुकडे, बाटलीच्या काचा आणि खुंट्यांची भोकं सापडतात. खिळ्यांसाठी जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधून ओढलं तर हाताला न लागलेलेही निघतात. भोकं माती भरून दाबून घ्या. पाय त्यातच मुरगळतो.

*दुसरा रविवार: उतार आणि चर.* पाणी मध्यावर साचता कामा नये. ४० मीटर रुंदीच्या मैदानाला मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना साधारण एक टक्का उतार द्यायचा, म्हणजे मध्य कडेपेक्षा २० सेंटिमीटर उंच. कडेनं चर खणून पाणी बाहेर काढा. चर खेळायच्या रेषेपासून दोन-तीन मीटर लांब हवा, नाहीतर पोरं त्यात पडतात.

*मुरूम.* काळ्या मातीवर मैदान असेल तर उन्हाळ्यात भेगा आणि पावसाळ्यात चिखल, म्हणून खाली मुरूम लागतो. हिशेब आधी मांडा. ६० बाय ४० म्हणजे २,४०० चौरस मीटर. ५ सेंटिमीटरच्या थराला १२० घनमीटर मुरूम लागतो. एक ब्रास म्हणजे सुमारे २.८३ घनमीटर, म्हणजे ४२ ब्रास, आणि दाबल्यावर तो बसतो म्हणून प्रत्यक्षात जास्तच. चार ब्रासच्या डंपरच्या अकरा-बारा खेपा सहज होतात. हा आकडा न काढता ‘दोन डंपर टाकून देतो’ म्हणणाऱ्याला आपण हो म्हणतो आणि मैदानात कायमचे दोन उंचवटे तयार होतात. मुरमावर चाळलेल्या तांबड्या मातीचा थर हवा, नाहीतर गुडघे सोलून निघतात. प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर फिरवा.

सावधान: मुरूम हे गौण खनिज आहे. फुकट मिळाला तरी वाहतुकीचा परवाना लागतो. डंपर रस्त्यात पकडला गेला तर दंड देणगीदाराला बसतो, आणि तो पुन्हा आपल्याकडे फिरकत नाही. तहसील कार्यालयात आधी चौकशी करा.

*आखणी.* काटकोन डोळ्यांनी काढू नका. कोपऱ्यावर खुंटी ठोका, एका बाजूवर ६ मीटरवर आणि दुसरीवर ८ मीटरवर खूण करा. दोन खुणांमधलं अंतर १० मीटर आलं तर कोन बरोबर. चारही कोपरे झाल्यावर दोन्ही कर्ण मोजा. ६० बाय ४० ला प्रत्येक कर्ण ७२.११ मीटर यायला हवा. रेषांसाठी फक्की वापरा. भाजका चुना अजिबात नको, तो डोळ्यात गेला तर इजा गंभीर होते आणि घामेजलेल्या पायांनाही भाजतं.

*गोलपोस्ट.* या लेखातली एकच सूचना लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: सुटा लोखंडी गोल न बांधता कधीही उभा ठेवू नका. पोरं आडव्या दांडीला लोंबकळतात, गोल पुढे उलटतो आणि दांडी डोक्यावर किंवा छातीवर येते. जगभर मुलं अशी दगावली आहेत. मागच्या तळदांडीवर वाळूची जड पोती बांधा किंवा जमिनीत आकडे ठोका. सराव संपला की गोल आडवे पाडून साखळीनं बांधा.

तपासणी: दोन मोठ्या माणसांनी आडवी दांडी पुढे ओढून बघायची. जरा जरी उचललं गेलं तरी त्या दिवशी गोल वापरायचा नाही.

टप्पा ६: वस्तूंची मदत

आता लोकांनी मैदान घडताना बघितलेलं असतं. मागणं सोपं जातं. पण ‘साहित्य द्या’ असं सांगू नका, वस्तूंची यादी लावा आणि प्रत्येकीपुढे माप लिहा: ४ नंबरचे दहा चेंडू, ५ बाय २ मीटर गोलसाठी जाळ्यांची जोडी, दोन रंगांची प्रत्येकी बारा बिब (संघ ओळखायला जर्सीवर घालायची बंडी), खुणेसाठी ठेवायचे वीस शंकू, झाकणाची पाण्याची टाकी, चेंडूत हवा भरायचा हातपंप. वस्तू आली की तिच्यापुढे देणाऱ्याचं नाव लिहून ती ओळ बंद करायची. असं केलं नाही तर सगळे चेंडूच देतात आणि जाळं कोणीच देत नाही.

पाण्याचा हिशेबही असाच मांडा. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. आपल्या मैदानाला एकदा ५ मिलिमीटर पाणी मारायचं तर १२,००० लिटर लागतं, म्हणजे एक मोठा टँकर. उन्हाळ्यात आठवड्याला दोन वेळा मारलं तर महिन्याला आठ-नऊ टँकर. ही आकडेवारी फलकावर लागली की विहीरवाला शेतकरी, बांधकामाचा ठेकेदार, दूध संस्था, कोणीतरी पुढे येऊन ‘बुधवारचा टँकर माझा’ म्हणतं. पिण्याचं पाणी मात्र वेगळं आणि टाकी वेगळी.

वापरलेले बूटही मागा. पोरांचे पाय दर वर्षी वाढतात, चांगले बूट घरात पडून राहतात. मापाप्रमाणे लावून ठेवा आणि ज्याला लागतील त्यानं कोणाला न विचारता घ्यावेत. गरजू म्हणून पोराला सगळ्यांसमोर उभं करून बूट देताना फोटो काढू नका. ते पोर दुसऱ्या दिवशी येत नाही.

टप्पा ७: रोख पैसे आणि हिशेब

पावती पुस्तक आता छापा. क्रमांक छापलेले, संस्थेचा नोंदणी क्रमांक असलेलं. कोणतं पुस्तक कोणाकडे दिलं याची नोंद ठेवा आणि पुस्तक परत आल्याशिवाय दुसरं देऊ नका. गोळा झालेली रोकड बँकेच्या पुढच्याच कामाच्या दिवशी खात्यात. रोकडीतून थेट खर्च करायचा मोह टाळा. जमा आणि खर्च दोन्ही खात्यातून दिसले पाहिजेत.

देणगीदारांना ८०जी ची आयकर सवलत मिळायला हवी असेल तर त्यासाठी वेगळी नोंदणी लागते, धर्मादाय नोंदणीबरोबर ती आपोआप मिळत नाही. ₹२,००० च्या वरच्या रोख देणगीला ही सवलत नाही, म्हणून मोठी देणगी चेकनं किंवा ऑनलाइनच घ्या. नोंदणी नसताना पावतीवर ‘८०जी पात्र’ छापणं ही फसवणूक आहे.

पालकांकडून मासिक फी जरूर घ्या, थोडी का होईना. ज्यांना जमत नाही त्यांची नावं दोनच माणसांना माहीत असावीत, यादी कुठेही लागू नये.

दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत एका पानाचा हिशेब फलकावर लावा: मागची शिल्लक, जमा, खर्च, आजची शिल्लक. बिलं फाइलमध्ये, मागेल त्याला बघायला. माझ्या मते लोकांचा आधार टिकवायला याहून मोठं साधन नाही. हिशेब लागला की चहाच्या टपरीवरच्या चर्चा थांबतात आणि पुढची वर्गणी मागताना मान वर राहते.

सावधान: एका टँकरच्या बदल्यात मैदानाला नाव देऊ नका. फलकाच्या आकाराला आणि मुदतीला मर्यादा ठरवून ठेवा. गुटखा-तंबाखूवाल्यांचा पैसा कायद्यानंही नको आणि मुलांच्या मैदानावर तर नकोच. निवडणुकीच्या तोंडावर मिळणारी जर्सी, जिच्या पाठीवर उमेदवाराचा फोटो असतो, तीही नम्रपणे परत करा. अर्ध्या मोहल्ल्याचा पाठिंबा एका जर्सीत जातो.

टप्पा ८: मोठा निधी, घाई नको

वर्षभराचा हिशेब हातात आला की मगच जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे क्रीडांगण विकास अनुदानाची चौकशी करा. आमदार निधीसाठीही जागा सार्वजनिक असल्याचा पुरावा लागतो, म्हणजे पुन्हा टप्पा १. कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारीच्या) निधीत खेळाचं प्रशिक्षण बसतं, पण संस्थेला सीएसआर-१ नोंदणी लागते. एमआयडीसीतल्या कारखान्याकडे जाताना ‘स्टेडियम’चा प्रस्ताव नेऊ नका. कूपनलिका, जाळीचं कुंपण, दोन स्वच्छतागृहं असा नेमका, दरपत्रक जोडलेला प्रस्ताव न्या. दिवे लावून देतो म्हणणाऱ्याला आधी विचारा की वीजबिल कोण भरणार.

टप्पा ९: वर्षाचं वेळापत्रक

एप्रिल-मेच्या शिबिरात सराव सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर. वळवाच्या पावसाचे हेच दिवस. गडगडाट ऐकू आला की खेळ बंद, मुलं पक्क्या इमारतीत, झाडाखाली किंवा पत्र्याच्या उघड्या शेडमध्ये नाही. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबायचं. हा निर्णय त्या दिवशीच्या जबाबदार माणसानंच घ्यायचा. तो प्रशिक्षकाचा किंवा पालकांचा नाही.

मेअखेर जाळी उतरवून धुऊन, सुकवून उंदरांपासून लांब टांगून ठेवा. गोलांच्या जोडांवरचा गंज घासून रंग द्या. चर साफ करा.

पहिला चांगला पाऊस झाला की हरळी गवताच्या काड्या लावायच्या. वीतभर अंतरावर ओळी पाडून काड्या अर्ध्या मातीत दाबल्या की बस. यासाठी एका सकाळी पन्नास माणसं लागतात आणि रोपं बांधावरून फुकट मिळतात. त्यानंतर मुळं धरेपर्यंत मैदान बंद. चिखलात एकदा जरी सामना झाला तरी हरळी उपटून निघते. या काळात मुलांसाठी शाळेचा हॉल मिळतो का बघा, आणि गेटवर ‘मैदान बंद’ची पाटी लावताना उघडण्याची तारीखही लिहा. तारीख नसलेल्या पाटीला कोणी जुमानत नाही.

मार्चअखेर हिशेब बंद करून लेखापरीक्षण, त्यानंतर सर्वसाधारण सभा. सभेला मुलांनाही बसवा. समितीत बदल झाला तर ठरावाची नक्कल त्याच आठवड्यात वकिलाकडे द्या, चाव्यांचा जुडगा, साहित्याची मोजलेली यादी आणि पावती पुस्तकं नव्या माणसांकडे सहीनं सोपवा आणि फलकावरचे फोन नंबर बदला.